दहिसर नाक्यापलीकडे घर शोधताना: भाडे नव्हे, बेरीज पाहा

मुंबईतले भाडे झेपेनासे झाले की उत्तर उपनगरांतल्या कुटुंबांची नजर दहिसर चेकनाक्यापलीकडे जाते. नाका ओलांडला की पेणकरपाडा, महाजनवाडी, मिरागाव, काशीगाव असा पट्टा लागतो आणि दलाल सांगतो ते भाडे नाक्याअलीकडच्या भाड्यापेक्षा हलके वाटते. त्यानंतर वाचकांचे ठरलेले तीन प्रश्न येतात. खरोखर किती वाचेल? नोटरी केलेला अकरा महिन्यांचा करार चालेल का? आणि भाडे भरत बसण्यापेक्षा घर विकतच घेतले तर? तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गफलत आहे. भाडे म्हणजेच घराचा खर्च, असे आपण धरून चालतो. महापालिकेची हद्द ओलांडली की प्रवास, पाणी, कर, शाळा आणि कागदपत्रे यांचे गणित बदलते. म्हणून घर ठरवायचे ते या सगळ्याची मासिक बेरीज करून, आणि त्या बेरजेतली प्रत्येक महत्त्वाची गोष्ट लेखी घेऊन.

हद्द ओलांडल्यावर काय बदलते, काय बदलत नाही

"पेणकरपाडा म्हणजे दहिसरच की, वेगळे शहर कसले?" असा आक्षेप पहिल्यांदा येतो. अंतराच्या दृष्टीने तो खरा आहे, कारभाराच्या दृष्टीने नाही. इथल्या ग्रामपंचायती एकत्र करून १२ जून १९८५ रोजी मिरा-भाईंदर नगरपरिषद झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे ५ लाख २० हजार होती, २०११ मध्ये ती ८ लाख ९ हजारांवर गेली. दहा वर्षांत निम्म्याहून अधिक वाढ झाली की पाणी, रस्ते आणि शाळा मागे पडतात, माणसे आधी पोहोचतात. मुंबईच्या मानाने शहर लहान आहे, म्हणून इथे सगळेच सोपे आणि स्वस्त असेल असा समज त्यामुळेच टिकत नाही. तुमच्या रोजच्या जगण्यात पडणारा फरक असा:

- महापालिका: बृहन्मुंबईऐवजी मिरा-भाईंदर. पाणी, कचरा, मालमत्ता कर आणि जन्म-मृत्यूचे दाखले यांसाठी आता हे कार्यालय.
- जिल्हा: मुंबई उपनगरऐवजी ठाणे. शालेय प्रवेश आणि महसुली दाखल्यांची कामे ठाणे जिल्ह्याच्या यंत्रणेकडे जातात.
- पोलीस: १ ऑक्टोबर २०२० पासून मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय. भाडेकरूची माहिती मुंबई पोलिसांकडे भरून उपयोग नाही.
- मालमत्ता कर: मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मिळणारी करमाफी मुंबई महापालिकेच्या हद्दीतली आहे. विकत घेणाऱ्याने ती इथे गृहीत धरू नये.
- आयकर: जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सवलत मोजताना मुंबईतल्या घराला मूळ पगाराच्या ५० टक्क्यांची मर्यादा आहे, मिरा-भाईंदरमधल्या घराला ४० टक्क्यांची. ऑफिस मुंबईत असले तरी घर कुठे आहे हेच पाहिले जाते.
- वीज: इथे फारसा बदल नाही. मुंबईच्या पश्चिम उपनगरांप्रमाणेच मिरा-भाईंदरही अदानी इलेक्ट्रिसिटीच्या क्षेत्रात आहे.

महिन्याची बेरीज कशी करावी

समजा, तुम्ही आज मुंबईत २४ हजार रुपये भाडे भरता आणि नाक्यापलीकडे तेवढेच घर १६ हजारांत मिळते आहे. बचत आठ हजारांची दिसते. आता कुटुंबातल्या दोन कमावत्या माणसांना स्टेशनपर्यंत रिक्षा लागेल असे धरा. मुंबई महानगर प्रदेशात रिक्षाचे किमान भाडे १ फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये आहे. एका माणसाच्या जाण्यायेण्याचे रोज ५२ रुपये, महिन्याच्या २५ दिवसांचे १,३०० आणि दोघांचे २,६०० होतात. नव्या घराची दलाली एका महिन्याच्या भाड्याएवढी दिली, तर ती अकरा महिन्यांवर वाटून महिन्याला सुमारे १,४५० पडते, आणि जुन्याच घरात राहिला असता तर हा खर्च झालाच नसता. आठ हजारांची बचत पहिल्या वर्षी चार हजारांच्या आसपास आली. पाण्याचे टँकर, शाळेची बस, सामानाचा टेम्पो अजून धरलेले नाहीत. शेअर रिक्षाने जाणाऱ्याचा किंवा चालत जाणाऱ्याचा आकडा वेगळा येईल, म्हणून हे आकडे उचलू नका. रीत घ्या आणि आपले आकडे घाला.

वेळही याच बेरजेत धरायला हवा. रोजचा प्रवास जाऊन-येऊन चाळीस मिनिटांनी वाढला, तर महिन्याच्या २५ दिवसांत हजार मिनिटे, म्हणजे सोळा तासांहून अधिक वेळ जातो. ज्या घरात लहान मूल किंवा आजारी ज्येष्ठ आहे, तिथे या तासांची किंमत पैशांत मोजावी लागते. संध्याकाळी एक तास जास्त थांबणाऱ्या मदतनीस बाईंचा पगार वाढतो, नाहीतर पाळणाघराचा खर्च. कागदावर दोन रकाने आखा, एक आजच्या घराचा आणि एक नव्या घराचा, आणि दोन्हींत पुढील ओळी भरा:

- भाडे; सोसायटीचा मेंटेनन्स कोण भरणार आणि पार्किंगचे वेगळे पैसे किती
- प्रत्येक माणसाचा घरापासून कामापर्यंतचा पूर्ण प्रवासखर्च, फक्त रेल्वेचा पास नव्हे
- उन्हाळ्यातल्या टँकरचा आपला वाटा आणि पिण्याच्या पाण्याचा खर्च
- शाळेची बस, पाळणाघर, शिकवणी
- दलाली, करार आणि सामान हलवण्याचा खर्च, महिन्यांवर वाटून
- डिपॉझिटमध्ये अडकणाऱ्या रकमेवर बुडणारे व्याज

ऑफिस कुठे, त्यावर वस्ती ठरवा

एका शहरातल्या दोन वस्त्या दोन वेगवेगळ्या माणसांना स्वस्त किंवा महाग पडू शकतात. पेणकरपाडा पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या आणि दहिसर नाक्याच्या जवळ आहे. मिरा रोड स्टेशन तिथून चालण्याच्या अंतरावर धरता येत नाही. दहिसर पूर्वेहून मेट्रो ७ गुंदवलीपर्यंत आणि मेट्रो २अ अंधेरी पश्चिमेपर्यंत जाते. त्यामुळे गोरेगाव, जोगेश्वरी, अंधेरी या पट्ट्यात काम करणाऱ्याला स्टेशनजवळच्या महागड्या घरापेक्षा नाक्याजवळचे घर सोयीचे पडू शकते. रोज चर्चगेटला जाणाऱ्याचे मात्र उलट आहे. त्याला लोकलशिवाय पर्याय नाही आणि रिक्षाचा टप्पा त्याच्या खिशातून रोज पैसे काढतो. ठाण्याला कामाला जाणाऱ्याने घोडबंदर रस्त्यावरची, विशेषतः गायमुख घाटातली कोंडी सकाळी स्वतः अनुभवून मगच ठरवावे.

दहिसर पूर्वेहून मिरा-भाईंदरकडे येणाऱ्या मेट्रो ९ वर पांडुरंगवाडी, मिरागाव, काशीगाव अशी स्थानके आहेत आणि घरांच्या जाहिरातींत त्यांची नावे ठळक असतात. स्थानकाचे नाव ऐकून जास्त भाडे मान्य करू नका. तुमच्या दारापासून स्थानकाच्या जिन्यापर्यंत चालत किती मिनिटे लागतात आणि तिथून निघणारी गाडी तुमच्या कामाच्या वेळेला उपयोगी आहे का, हे पाहा. चारचाकी असणाऱ्यांना ऑक्टोबर २०२४ पासून दहिसर नाक्यावर हलक्या वाहनांचा टोल पडत नाही. वाचतो तो टोल. गर्दीच्या वेळी नाक्यावर जाणारी मिनिटे वेळेच्या रकान्यात लिहावीच लागतात. चाचणी एकच: कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेला, दारापासून दारापर्यंत एकदा प्रवास करून पाहा.

पाणी: घर पाहायला जाताना विचारायचा पहिला प्रश्न

मिरा-भाईंदर शहराला पाणी मिळते ते स्टेम प्राधिकरण आणि एमआयडीसी यांच्याकडून. मुंबईसारखी स्वतःची धरणे या महापालिकेकडे नाहीत. वाढत्या गरजेसाठी सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजना आखली गेली. तिच्या ४०३ दशलक्ष लिटरपैकी २१८ दशलक्ष लिटर मिरा-भाईंदरचा वाटा आहे, उरलेला वसई-विरारचा. हे आकडे शहराचे आहेत. तुमच्या नळाला येणारे पाणी इमारतीची टाकी, जोडणीचा व्यास आणि चढाव यांवर ठरते. म्हणून "पाण्याचा प्रॉब्लेम नाही" या दलालाच्या वाक्यावर थांबू नका. चौकीदाराला आणि तळमजल्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारा. पाणी किती वाजता येते, किती वेळ टिकते, एप्रिल-मेमध्ये टँकर किती येतात आणि त्यांचे बिल मेंटेनन्सात धरतात की वेगळे काढतात? शक्य असेल तर सोसायटीचे मे महिन्याचे बिल मागून पाहा. जोराच्या पावसात गल्लीत पाणी साचते का, तळमजल्यावरचे मीटर पाण्यात जातात का, हेही याच माणसांना ठाऊक असते.

टोकन देण्याआधी

आवडलेले घर हातचे जाईल या भीतीने पाच-दहा हजारांचे टोकन आधी दिले जाते आणि चौकशी मागाहून होते. क्रम उलटा करा. टोकन देण्यापूर्वी ही कागदपत्रे पाहा:

- घर ज्याच्या नावावर आहे तो माणूस करारावर सही करणार आहे का? खरेदीखताची सूची क्रमांक २ आणि सोसायटीचे भागप्रमाणपत्र पाहा. मालक परगावी असेल तर कुलमुखत्यारपत्र मागा.
- अलीकडचे वीजबिल आणि मेंटेनन्सची पावती. थकबाकी असेल तर ती कोण भरणार, हे लेखी ठरवा.
- इमारत तीस वर्षांहून जुनी असेल तर संरचनात्मक तपासणी झाली आहे का? अशा इमारतींना ती महापालिका कायद्याने बंधनकारक आहे.
- टोकनची पावती. करार झाला नाही तर पैसे किती दिवसांत परत मिळतील, हे त्यावर असावे.

'हेवी डिपॉझिट' या प्रकाराबाबत विशेष सावध राहा. काही लाख रुपये द्यायचे आणि भाडे नाममात्र किंवा शून्य, अशी ही पद्धत. दरमहाची कटकट मिटते म्हणून ती सोयीची वाटते. पण घर सोडताना ती रक्कम परत मिळणे मालकाच्या ऐपतीवर अवलंबून राहते. आयुष्यभराची बचत तारणाशिवाय दुसऱ्याच्या हाती देण्यासारखाच हा व्यवहार आहे. करायचाच असेल तर पूर्ण रक्कम बँकेतून द्या आणि नोंदणीकृत करारात तिचा आकडा पूर्ण लिहून घ्या.

करार: नोटरी पुरेशी नाही

"अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही" हे वाक्य सर्रास ऐकू येते. त्याचे मूळ केंद्राच्या १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. तिथे वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही. महाराष्ट्रात मात्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चे कलम ५५ लागू होते. त्यानुसार भाड्याचा आणि लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, मुदत कितीही असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि करार नोंदवलेलाच नसेल, तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे खरे धरले जाते. ते खोडून काढण्याचा भार मालकावर येतो.

यावर "नोंदणीचा खर्च कोण करणार?" असा आक्षेप येतो. खर्च किती, ते पाहा. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेले व्याज, यांच्या बेरजेच्या ०.२५ टक्के असते. भाडे १६ हजार, डिपॉझिट ५० हजार आणि मुदत अकरा महिने असेल तर हे शुल्क पाचशे रुपयांच्या आत बसते. महापालिका क्षेत्रात नोंदणी फी हजार रुपये. नोंदणी आधारच्या साहाय्याने घरबसल्या ऑनलाइन होते. एजंट त्याची वेगळी फी घेतो, ती आधी ठरवा. एवढ्या खर्चात जो कागद हातात येतो, तोच पुढे शाळाप्रवेशापासून बँकेपर्यंत पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. शिक्षणहक्काच्या २५ टक्के राखीव जागांच्या प्रवेशासाठी भाड्याने राहणाऱ्यांकडून दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलाच करार मागितला जातो, नोटरीचा नव्हे. मालक नोंदणीला सरळ नकार देत असेल तर तो नकारच तुम्हाला काहीतरी सांगतो. एक तर त्याला भाड्याचे उत्पन्न दाखवायचे नाही, किंवा घराचे कागद धड नाहीत. दोन्ही स्थितींत अडचण पुढे तुमच्याच दारात येते.

करारात या गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात:

- डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल आणि त्यातून काय कापता येईल
- दोन्ही बाजूंना लागू असलेली नोटीस मुदत आणि लॉक-इन असल्यास त्याचे महिने
- मेंटेनन्स, टँकर, मोठी दुरुस्ती आणि रंगकाम कोणाकडे
- पंखे, गिझर, कपाटे यांची यादी. ताबा घेताना काढलेले फोटो सोबत
- पाणी आणि वीज कोणत्याही वादात तोडली जाणार नाही

शेवटचा मुद्दा मुद्दाम लिहिला आहे. भाडेकरूच्या अत्यावश्यक सेवा तोडायला याच कायद्याचे कलम २९ मनाई करते, पण त्याची भाषा 'भाडेकरू'साठी आहे. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या नजरेत परवानाधारक असतो, म्हणून त्याने हे संरक्षण करारातच घालून घ्यावे.

हक्क आणि त्यांच्या मर्यादा

- डिपॉझिटला दोन महिन्यांची मर्यादा घालणारा केंद्राचा आदर्श भाडेकरार कायदा महाराष्ट्रात लागू नाही. इथे १९९९ चाच कायदा चालतो, त्यामुळे डिपॉझिट वाटाघाटीनेच कमी करून घ्यावे लागते.
- सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार घर भाड्याने देण्यासाठी सभासदाने सोसायटीला आगाऊ कळवणे आणि कराराची प्रत देणे अपेक्षित आहे. 'परवानगीशुल्क' म्हणून तुमच्याकडून पैसे मागितले तर लेखी ठराव आणि पावती मागा.
- सोसायटीचे बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक आकारता येत नाही, आणि ते भरायचे मालकाने. तुमच्या भाड्यात ते कितीचे धरले आहे, ते विचारा.
- दरमहाचे भाडे बँकेतून द्या. रोखीने दिले तर पावती घ्या. वर्षाचे भाडे एक लाखाहून अधिक असेल तर घरभाडे भत्त्याच्या सवलतीसाठी मालकाचा पॅन लागतो.
- मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याला १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ नुसार दुप्पट भाड्याची भरपाई द्यावी लागू शकते. म्हणून नूतनीकरणाची बोलणी दोन महिने आधीच सुरू करा.

विकत घ्यायचे असेल तर

"भाड्याचे पैसे वाया जातात, त्यापेक्षा हप्ता बरा" हा आक्षेप सर्वांत जोरदार असतो, आणि त्यात तथ्यही आहे. पण भाड्याचे घर चुकले तर नुकसान अकरा महिन्यांचे. विकत घेतलेले चुकले तर वीस वर्षांचे. म्हणून आधी एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्याच भागात भाड्याने काढावा. या काळात दिलेले भाडे ही पाणी, प्रवास आणि शेजार पारखण्याची किंमत आहे, आणि गृहकर्जाच्या मानाने ती फार थोडी आहे.

जुन्या गावठाणांत, पाड्यांत आणि ग्रामपंचायतीच्या काळातल्या इमारतींत घरे स्वस्त दिसतात. तिथे "मालमत्ता कराची पावती आहे, लाइटचे मीटर आहे, म्हणजे घर अधिकृत" असे सांगितले जाते. हा समज सर्वांत महागात पडतो. महापालिका अनधिकृत बांधकामावरही कर लावते, आणि त्यावर शास्ती भरली तरी बांधकाम नियमित होत नाही. घर अधिकृत आहे की नाही हे ठरते ते मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र यांवर. ही तीन कागदपत्रे नसतील तर भाव कितीही कमी असो, थांबा.

- नव्या प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर तपासा. ताब्याची तारीख आणि प्रकल्पावरचे खटले तिथे दिसतात.
- नोंदणीकृत करार होण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही.
- भाव चटई क्षेत्रावर विचारा. बिल्टअपचा आकडा ऐकून तुलना करू नका.
- नोंदणी फी किमतीच्या एक टक्का, कमाल ३० हजार रुपये. घर स्त्रीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते.
- जुना फ्लॅट घेताना सोसायटीचे हस्तांतर अधिमूल्य महापालिका क्षेत्रात २५ हजार रुपयांपेक्षा जास्त आकारता येत नाही.

पहिल्या महिन्यात उरकायची कामे

- भाडेकरूची माहिती मालकाने स्थानिक पोलिसांकडे भरली का, याची खात्री करा आणि पोच जपून ठेवा.
- वाहनाच्या नोंदणीसाठी बदललेला पत्ता ३० दिवसांच्या आत कळवणे कायद्याने आवश्यक आहे.
- मतदारयादीतील स्थलांतरासाठी नमुना ८ भरा. गॅसजोडणी आणि बँकेतला पत्ता बदला.
- रेशन 'एक देश, एक रेशन कार्ड' सोयीने इथल्या दुकानातूनही घेता येते. कार्डावरचा पत्ता बदलण्याचा अर्ज सवडीने करा.
- मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला लगेच मागा. आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत प्रवेश देताना, हा दाखला उशिरा आला या कारणावरून अडवता येत नाही.
- जवळचे सरकारी रुग्णालय आधीच पाहून ठेवा. भाईंदर पश्चिमेचे पंडित भीमसेन जोशी रुग्णालय तुमच्या घरापासून रात्री किती वेळात गाठता येते, ते ठाऊक असू द्या.

एवढा हिशेब मांडायचा तर कोणी मुंबई सोडणारच नाही, असे काहींना वाटेल. हिशेबामागे तसा हेतू नाही. नाक्यापलीकडे आलेल्या असंख्य कुटुंबांना इथे मुंबईत परवडली नसती अशी स्वतंत्र खोली, मुलाला अभ्यासाला कोपरा आणि आई-वडिलांना जवळ ठेवण्याइतकी जागा मिळाली आहे. ही बचत खरीच आहे. ती पहिल्याच वर्षी रिक्षात, टँकरमध्ये आणि न परतलेल्या डिपॉझिटमध्ये विरून जाऊ नये, एवढ्यासाठी ही बेरीज. दोन रकान्यांचा तो कागद भरून झाला आणि नव्या घराचा आकडा तरीही लहान राहिला, तर निःशंक मनाने करार नोंदवा आणि सामान बांधायला घ्या.